अक्षयाचे अकरा मिलिसीव्हर्ट

अक्षया आमच्या हॉस्पिटलात आली त्या दिवसापासून मला आवडली नाही. तेव्हा कुणी कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. ती चांगली होती, आणि तिचं चांगलं असणं सगळ्यांना लगेच कळलं.

मी दमयंती. रत्नागिरीच्या एका खाजगी हॉस्पिटलात एक्स-रे विभागात माझी सत्तावीस वर्षं गेली. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवून माझी नखं पिवळी व्हायची, तेव्हा ही पोरगी पाळण्यात होती. अक्षया चिपळूणची. तिच्या वडिलांचं बाजारात वह्या-पुस्तकांचं दुकान. एकवीसच्या पुरात दुकान माळ्यापर्यंत बुडालं, आणि ही पत्र्यावर बसून होती ती अभ्यासाच्या वह्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून पोटाशी धरून. पुढच्या परीक्षेत ती पहिली आली. ही गोष्ट मला निदान पंधरा जणांनी सांगितली. तिने स्वतः एकदाही नाही. सांगितली असती तर फुशारकी मारते म्हणून नाक तरी मुरडता आलं असतं.

लग्न करून ती पूर्णगडच्या घरात गेली. नवरा सागर बोटीवर, वर्षातले आठ महिने समुद्रात. सासू मथुराकाकी घरी. अक्षया आठवडाभर रत्नागिरीत खोली घेऊन राहायची आणि शनिवारी पूर्णगडला जायची.

आता तिची करामत सांगते. आमच्याकडे येणारा प्रत्येक पेशंट एकच प्रश्न विचारतो, "ह्या फोटोनं काय होत नाय ना?" सत्तावीस वर्षं मी एकच उत्तर दिलं, "काही होत नाही. श्वास धरा." अक्षया तसं म्हणायची नाही. ती सांगायची, "काकी, जमिनीतून, आभाळातून, खाण्यातून आपल्या सगळ्यांना थोडे किरण रोजच मिळतात. छातीचा एक फोटो म्हणजे आठ-दहा दिवस नुसतं जगण्याइतके." काकी हसायच्या. पण पोटाचं सीटी असलं तर ती तेही लपवायची नाही. "हे मात्र तीन-चार वर्षांचं एकदम. डॉक्टरांना गरज वाटली म्हणून करतोय. उगीच पुन्हा करून घेऊ नका." मला वाटलं, लोक घाबरून पळतील. कुणी पळालं नाही. उलट दुसऱ्या खेपेला दारातूनच विचारायचे, "ती चिपळूणची बाय हाय काय?" आणि तिच्यासाठी ओले काजूगर घेऊन यायचे. सत्तावीस वर्षांत मला कुणी काजूगर आणले नव्हते. खोटं कशाला बोलू, एकदा एका आजोबांनी शेवग्याच्या चार शेंगा दिल्या होत्या.

घरी मी रोज तिच्यावर बोलायची. नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, "काजू त्यांचे, खाते ती. तेल जळतं तेल्याचं आणि पोट दुखतं मशालजीचं." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मग आमच्याकडे नवं सीटी मशीन आलं. त्याच्यासोबत विकिरण सुरक्षा अधिकारी नेमावा लागतो, आणि त्याची परीक्षा असते. मोठ्या डॉक्टरांनी आम्हा दोघींनाही बसवलं. अक्षया मला शिकवायला यायची. हो, मला! जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून म्हणायची, "ताई, ग्रे म्हणजे पानात किती वाढलं. सीव्हर्ट म्हणजे ते कुणाच्या पोटाला किती बाधलं. वाढलेलं तेवढंच असेल, पण पैलवानाला आणि बाळंतिणीला सारखं बाधत नाही ना?" इतकं सोपं मला माझ्या मास्तरांनी सांगितलं नव्हतं. त्यामुळेच ते माझ्या घशाखाली उतरेना. मी तोंडावर म्हटलं, "आम्ही किरण रेममध्ये मोजायला शिकलो. तुम्ही कालची पोरं मला सांगणार?"

परीक्षेत त्याच रेमने माझा घात केला. एक मिलिसीव्हर्ट म्हणजे शून्य पूर्णांक एक रेम. मी सरळ एक लिहिलं. पुढची सगळी गणितं दहा पटींनी चुकली. ती पास झाली, मी राहिले. तिच्या खोलीच्या दारावर अधिकाऱ्याची पाटी लागली. ती पाटी मी रोज पुसायची, कारण ती कुठे सैल झाली आहे का ते बघायला मला तेवढंच निमित्त पुरायचं.

आता बॅजबद्दल सांगायला हवं. आमच्या धंद्यात प्रत्येकाच्या छातीवर एक छोटा बॅज असतो. अंगावर किती किरण पडले ते त्यात साठतं. तीन महिन्यांनी सगळे बॅज प्रयोगशाळेत जातात, आणि महिना-दीड महिन्याने आकडे येतात. आमचे आकडे कायम शून्य पूर्णांक काहीतरी असतात, कारण मशीन चालू असताना आम्ही भिंतीआड उभे असतो. वर्षाला सरासरी वीस मिलिसीव्हर्टची मर्यादा आहे, आणि तिच्या आसपासही कुणी जात नाही. पण एका तिमाहीत दहाच्या वर गेलं की चौकशी लागते. ड्यूटी संपली की सगळ्यांनी बॅज बाहेरच्या फळीवर टांगायचे, असा नियम. तो नियमही अक्षयाने घालून दिलेला.

फेब्रुवारीत ती भावाच्या लग्नाला आठ दिवस चिपळूणला गेली. फळीवर तिचा बॅज एकटाच लटकत होता. पहिल्या दिवशी सकाळी मी तो काढला आणि सीटीच्या खोलीत, आतल्या बाजूला शिशाचे एप्रन टांगायची खुंटी असते, तिथे एका एप्रनच्या पट्ट्याला, शिसं आड येणार नाही असा अडकवला. रोज पंधरा-सोळा पेशंट आत झोपायचे. प्रत्येकाच्या अंगावरून किरण उसळून खोलीभर उडायचे, आणि बॅज मुकाट्याने सगळं साठवायचा. ती यायच्या आदल्या संध्याकाळी मी तो परत फळीवर लावला.

मला काय हवं होतं? सगळ्यांना सुरक्षितता शिकवणाऱ्या बाईचाच आकडा मोठा यावा. चारचौघांत मोठ्या डॉक्टरांनी तिला विचारावं, "मॅडम, हे काय?" बस, एवढंच. तिची फजिती मी मनात इतक्या वेळा पाहिली होती की ती प्रत्यक्षात बघण्याची घाई झाली होती. तिच्या अंगाला काही होणार नव्हतं. अंग चिपळूणला होतं, लग्नात मिरवत होतं.

मार्चमध्ये अक्षयाने सांगितलं की तिला दिवस गेलेत. जानेवारीची पाळी ही शेवटची. आदल्या वर्षी तिचं एक दोन महिन्यांचं पडलं होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांनी तिला लगेच सीटीवरून काढून नोंदणीच्या टेबलावर बसवलं. जो तो तिच्यासाठी खुर्ची पुढे करायचा. माझ्या वेळी मी नवव्या महिन्यापर्यंत फिल्म धुतल्या होत्या, आणि मला तेवढंच आठवलं. बॅज आठवला नाही असं नाही. आठवला, पण मी स्वतःला समजावलं की आकडा येईल दोन, नाही तर तीन. बघू.

मेच्या पहिल्या आठवड्यात कागद आला. अकरा पूर्णांक चार.

मोठ्या डॉक्टरांनी तिला आत बोलावलं. मी दाराशी होते. ज्या क्षणासाठी मी तीन महिने थांबले होते तो हाच. अक्षयाने कागद हातात घेतला, आणि तिचा दुसरा हात पोटावर गेला. फजितीबिजिती काही नव्हतं तिच्या चेहऱ्यावर. तिने कुणाकडे पाहिलंच नाही.

त्या दिवसापासून ती कामावर आली नाही. शनिवारी डॉक्टर मला म्हणाले, "दमयंतीबाई, तुमचं त्या घरी काही चालत असेल तर बघा. मी फोनवर तासभर बोललो. हा आकडा खरा धरला तरी मूल पाडायचं काहीच कारण नाही. शंभर मिलिसीव्हर्टच्या खाली कुठलाही डॉक्टर तसं सांगणार नाही, आणि छातीवरच्या बॅजला जेवढं लागतं तेवढं गर्भाला लागतही नाही. पण सासू ऐकत नाही, नवरा बोटीवरून आईचंच म्हणणं ओढतोय. सोमवारी कोल्हापूरला नेतायत. ओळखीचं कुणीतरी आहे म्हणे."

रविवारी सकाळच्या एसटीने मी पूर्णगडला निघाले. गाडीत बसून मी ठरवलं होतं की मी त्यांना आकडे समजावून सांगेन. कबुली द्यायचं ठरवलं नव्हतं. वाटेतलं पावस गाव येईपर्यंत मी सगळं भाषण जुळवलं होतं, आणि त्यात मी फार शहाणी दिसत होते.

मथुराकाकी पडवीत सुकट निवडत बसल्या होत्या. अक्षया आतल्या दाराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसली होती. मी पाणी प्यायले आणि सुरुवात केली. "काकी, समजा, दोन हजार माणसांना दहा-दहा मिलिसीव्हर्ट मिळाले. त्यातल्या दोनशे-सव्वादोनशे जणांना आयुष्यात कधीतरी तसाही कर्करोग व्हायचाच असतो. ह्या किरणांनी त्यात वाढला तर एखादा वाढेल. दोन हजारांत एक. त्याला काय भ्यायचं?"

काकींनी हातातली सुकट सुपात टाकली. "दोन हजार माणसा तुमच्या घरात असतील, दमयंतीबाय. माज्या घरात येका पोराची वाट बघताव आमी. गेल्या सालीचा त्या मशिनीनंच खाल्लान. आता कागदावर लिवून आलाय, तरी मी गप बसू?"

"त्याचा मशीनशी संबंध नव्हता हो."

"तुमी बगितलात? पोटात जाऊन?"

मी अक्षयाकडे वळले. "तू तरी सांग ना गो. हजार लोकांना सांगितलंस तू हे."

अक्षया हळू आवाजात म्हणाली, "ताई, मला सगळं पाठ आहे. शंभरच्या खाली काही नाही, हे मी आईंना चार दिवस सांगतेय. पण आकडा आला कुठून तेच मला सापडत नाही. सगळी नोंदवही मी आठवून आठवून तपासली. फेब्रुवारीच्या शेवटी दोनदा लहान मुलांना धरायला मी आत गेले होते, एप्रन घालून. तेव्हाच काहीतरी चुकलं असेल. अकरा आले ते कळलं, पण जे आले ते अकराच कशावरून? बॅज कधी झाकला गेला असेल, मी कधी वाकले असेन. खरं वीस असतील, चाळीस असतील. दुसऱ्याला सांगताना मी दोन हजारांत एक म्हणायची ना, तेव्हा तो एक कुणीतरी लांबचा असायचा."

तिचे डोळे कोरडे होते. ती मला पटवत होती की तिचीच चूक आहे. लोकांची पोरं धरायला आत गेलेली बाई, आणि ती स्वतःला दोष देत बसली होती. त्या क्षणीसुद्धा माझ्या मनात आलं की बघा, दोष घ्यायची वेळ आली तरी हीच पुढे. माझा मलाच संताप आला, आणि त्या संतापातच मी बोलून गेले.

"तुझा बॅज मी आत टांगला होता. तू लग्नाला गेली होतीस तेव्हा. आठही दिवस."

मग मथुराकाकी उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"देवमाणूस गो तू," त्या म्हणाल्या. "माज्या सुनेसाठी असा आळ अंगावर घेतंस? नको बाय. खोटा नको बोलूस."

काय सांगू तुम्हाला! जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मला अक्षयापेक्षा चांगली म्हणालं होतं, आणि मी हात सोडवून घेतला. मी म्हटलं, "काकी, मी देवमाणूस नाही. मला हिचा हेवा वाटतो. हिला काजूगर मिळतात ह्याचा वाटतो, हिच्या दारावर पाटी आहे ह्याचा वाटतो. हिची सगळ्यांत मान खाली जावी म्हणून मी केलं."

काकी मान हलवत राहिल्या. त्यांना ते पटण्यासारखं नव्हतंच. मी पिशवीतून कागद काढला आणि त्यांच्यासमोर गुडघ्यावर ठेवून लिहायला लागले. तारीख, माझं नाव, काय केलं, कुठल्या एप्रनला, कुठल्या खुंटीला. खाली सही केली. हा कागद चौकशीत गेला की माझी नोकरी राहत नाही, हे मला कळत होतं. काकींना वाचता येत नव्हतं. मी तो अक्षयाला दिला.

तिने तो एकदा वाचला. मग विचारलं, "दाराकडची खुंटी की मशीनमागची?"

"मशीनमागची."

"आठ दिवसांत पेशंट किती?"

"रविवारी फक्त तातडीचे. सगळे मिळून एकशे वीसच्या आसपास."

ती भिंतीकडे बघत ओठ हलवायला लागली. मशीन बसलं तेव्हा तिनेच मीटर घेऊन खोलीतली प्रत्येक जागा मोजली होती, आणि त्या खुंटीपाशी एका पेशंटमागे सरासरी किती पडतं ते तिला पाठ होतं. मला कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं असतं, आणि तरी दहा पटींनी चुकलं असतं. तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. म्हणाली, "पेशंटमागे शंभराला थोडे कमी मायक्रो, म्हणजे मिलीचा जेमतेम दहावा भाग. गुणिले एकशे वीस. अकरा, साडेअकरा." मग तिने सासूकडे पाहिलं. "आई, ते आकडे माझे नाहीत. त्या आठ दिवसांत मी हॉस्पिटलात नव्हतेच. खरं बोलतायत त्या. कोल्हापूरला जायचं नाही."

काकी खाली बसल्या. त्यांना गणित कळलं नाही, पण सुनेचा आवाज कळला. एवढा वेळ कोरडी असलेली अक्षया मग रडली. काकी तिच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत होत्या. मघाशी मला देवमाणूस म्हणताना ज्या डोळ्यांत पाणी होतं तेच डोळे, आता कोरडे होते.

मी उठले. पायऱ्या उतरताना अक्षयाने हाक मारली. "दमयंतीताई."

मी थांबले. मला वाटलं शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या.

ती म्हणाली, "चार दिवस मी पोटावर हात ठेवून बाळाची माफी मागत होते. तुम्ही जे केलंत, त्याबद्दल."

एसटीला दोन तास होते. मी थांब्यावर उन्हात बसून राहिले.

कागद मी स्वतः मोठ्या डॉक्टरांच्या हातात दिला. चौकशी झाली, तिच्या नावावरचे अकरा पूर्णांक चार खोडले गेले, आणि मला राजीनामा द्यायला सांगितलं. अक्षयाने माझ्याविरुद्ध काही लिहून दिलं नाही. बाजूनेही दिलं नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली म्हणे, जे खरं ते त्यांनीच लिहिलंय.

ऑक्टोबरात तिला मुलगी झाली. अडीच किलो, रंगाने सागरसारखी, असं मला विभागातल्या गंगामावशीने बाजारात भेटल्यावर सांगितलं. मुलगी असून मथुराकाकींनी पेढेच वाटले. खोकी घेऊन त्या स्वतः पूर्णगडहून हॉस्पिटलात आल्या, झाडूवाल्यापासून वॉचमनपर्यंत प्रत्येकाच्या हातावर ठेवला, आणि आणखी कुणी राहिलंय का ते विचारून गेल्या. कुणीही माझं नाव घेतलं नाही. ते बरोबरच झालं, मी त्यांच्या जागी असते तर मीही घेतलं नसतं. गंगामावशी सांगत होती, मी तिच्या तोंडाकडे बघत होते, आणि तिने तो पेढा खाल्ला होता म्हणून मला तिचा हेवा वाटत होता.